खराब मालाचा दंड कोणाच्या माथी?

मागच्या महिन्यातील एका रविवारी विहारात वंदना आटोपली, माणसे चहाला थांबली, तेव्हा आमच्या वस्तीतील एका ताईंनी पगाराची चिठ्ठी आमच्यापुढे धरली. ताई भोसरीकडच्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली कामाला जातात. कारखाना गाड्यांना लागणाऱ्या रबरी ओ-रिंगा बनवतो. ताईंचे काम त्या रिंगा तपासण्याचे. ट्यूबलाइटखाली एक लांब टेबल, टेबलाला आठ बायका, प्रत्येकीपुढे एक भिंग आणि दोन ट्रे. चांगली रिंग एका ट्रेमध्ये, खराब दुसऱ्यात. बुडबुडा, चीर, काठाला राहिलेले जादा रबर असे दोष डोळ्यांनी टिपायचे. पाळीला सहा हजार रिंगांचा आकडा ठरलेला आहे. जेवणाची सुट्टी वगळली तर एका रिंगेच्या वाट्याला पाच सेकंदही येत नाहीत.

चिठ्ठीवर 'इतर कपात' या रकान्यात ८०० रुपये होते. हे कसले, म्हणून विचारल्यावर कंत्राटदाराने सांगितले की मोठ्या कंपनीकडून एक लॉट परत आला आहे. त्या कंपनीने बाहेरची माणसे लावून तो पुन्हा निवडून घेतला आणि निवडण्याचा खर्च डेबिट नोट करून कारखान्यावर टाकला. कारखान्याने ती रक्कम कंत्राटदाराच्या बिलातून वळती करून घेतली. कंत्राटदाराने ६,४०० रुपयांना आठाने भागले. हिशेब मोठा चोख! मोठ्या कंपनीचे नुकसान नाही, कारखान्याचे नाही, कंत्राटदाराचेही नाही. ताई म्हणाल्या, "दादा, माल काय आम्ही बनवतो? आम्ही तर नुसता बघतो. मग खराब मालाचे पैसे आमच्याकडून कसे?"

चहा संपेपर्यंत आम्हाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. आमच्यातील दोघेजण आयुष्यभर कारखान्यात राबून निवृत्त झालेले. त्यांनाही 'असेच असते' यापलीकडे सांगता येईना. पण 'असेच असते' हे उत्तर आपल्या चळवळीने कधी मान्य केलेले नाही. म्हणून आम्ही थोडे वाचन केले. तेव्हा कळले की ताईंचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि ज्या विद्येला मालक मंडळी 'क्वालिटी कंट्रोल' म्हणून डोक्यावर घेतात, त्याच विद्येने त्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. ते उत्तर ताईंच्या बाजूचे आहे.

ताईंचे टेबल नवे नाही. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावर जे पुस्तक लिहिले, त्यात असेच एक टेबल आहे. सायकलच्या बेअरिंगमधील पोलादी गोळ्या तपासणाऱ्या १२० मुली तिथे कामाला होत्या. डाव्या हाताची दोन बोटे एकमेकांना चिकटवून मधल्या खाचेत गोळ्यांची ओळ ठेवायची, प्रखर उजेडात त्या फिरवत राहायचे आणि खराब गोळी दिसली की उजव्या हातातील लोहचुंबकाने उचलून टाकायची. दिवस साडेदहा तासांचा होता. टेलरच्या पद्धतीने तो साडेआठ तासांवर आणला गेला. मधे विश्रांती ठेवली. आणि मुलींच्या तपासणीवर आणखी एक तपासणी बसवली. किती गोळ्या खराब आहेत हे आधीच मोजून ठेवलेला माल मुलींना कळू न देता त्यांच्यापुढे टाकायचा आणि कोणाच्या हातून किती सुटतात ते पाहायचे, असा त्याचा प्रकार होता. शेवटी १२० जणींचे काम ३५ जणी करू लागल्या. मजुरी ८० ते १०० टक्क्यांनी वाढली आणि तपासणीतील अचूकपणाही दोन तृतीयांशाने वाढला.

टेलरला नुसते शिव्या घालणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही तसे करणार नाही. कामाचे तास कमी केले तर तपासणी सुधारते, थकलेला डोळा दोष पाहत नाही, हे त्याने आकड्यांनी दाखवले आणि ते आजही भोसरीच्या मालकाला वाचून दाखवण्यासारखे आहे. पण त्याच पानावर तो हेही लिहून जातो की या फेरबदलात अतिशय हुशार, कष्टाळू आणि विश्वासू मुलींनाही काढून टाकावे लागले, कारण त्यांची नजर पुरेशी चपळ नव्हती. उरलेल्या ८५ जणींचे पुढे काय झाले, त्याचा रकाना त्या हिशेबात नाही. आणि दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची. एवढा सगळा खटाटोप झाला तो खराब गोळी वेगळी काढण्यासाठी. गोळी मुळात खराब का होते, हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही. तपासणीने खराब माल बाजूला निघतो. चांगला माल तयार होत नाही. जो पैसा गोळी बिघडवण्यात गेला तो गेला, आणि बिघडलेली शोधण्यात पुन्हा वेगळा गेला.

हा दुहेरी खर्च पुढे इतका फुगला की मालकांनाच घाम फुटला. शिकागोजवळ टेलिफोनचे साहित्य बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न कारखाना होता. १९२० च्या दशकात तिथे सुमारे चाळीस हजार माणसे कामाला होती आणि त्यांतील पाच हजारांवर माणसे नुसती तपासणी खात्यात. म्हणजे सात बनवणार आणि आठवा बघणार. याच कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाचा पदार्थविज्ञानाचा पदवीधर होता. १६ मे १९२४ रोजी त्याने आपल्या वरिष्ठाला एक पानभर टिपण दिले. त्यात एक साधा आलेख होता. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. आजही कोणत्याही बऱ्या कारखान्यात यंत्राशेजारी 'कंट्रोल चार्ट' लटकलेला दिसतो, तो हाच.

त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. घरी एकाच तव्यावर, एकाच पिठाच्या वीस भाकरी थापल्या तरी दोन भाकऱ्या तंतोतंत सारख्या होत नाहीत. थोडा फरक राहतोच. तो त्या पिठात, त्या तव्यात, त्या चुलीतच असतो. थापणारीला त्याबद्दल बोलून उपयोग नाही. पण एखादी भाकरी अचानक करपली तर काहीतरी वेगळे घडले आहे, ते शोधले पाहिजे. शूहार्टने या दोन फरकांची फारकत केली. पहिला फरक व्यवस्थेच्या पोटातला. तो कमी करायचा तर पीठ बदला, तवा बदला, चूल बदला, आणि हे सगळे ज्याच्या हातात आहे त्यानेच ते करायचे. दुसरा फरक विशिष्ट कारणाचा. त्यासाठी जागेवर जाऊन कारण शोधायचे. आलेखावरील मर्यादा कुठे आखायच्या, हे त्याने खर्चाच्या हिशेबाने ठरवले. नसलेले कारण शोधत बसण्यात पैसा जातो आणि असलेले कारण न शोधण्यातही पैसा जातो. दोन्ही नुकसाने मिळून कमीत कमी राहतील तिथे रेघ मारायची. १९३१ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाच्या नावातच मालाच्या गुणवत्तेचे 'आर्थिक' नियंत्रण असा शब्द आहे.

आता ताईंचा लॉट या आलेखावर ठेवून पाहा. रबराच्या रिंगेत बुडबुडा येतो तो कच्च्या रबरातील ओलीमुळे, साच्यात अडकलेल्या हवेमुळे, प्रेसचे तापमान किंवा दाब कमीजास्त झाल्यामुळे, साचा झिजल्यामुळे. रबर कोण विकत घेतो? साचा कधी बदलायचा हे कोण ठरवतो? यातले एकही टेबलावरच्या बायकांच्या हातात नाही. मग ८०० रुपये कशाचे?

शूहार्टचा सहकारी आणि पुढे जपानच्या कारखानदारांचा गुरू ठरलेला डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग याने हाच प्रश्न एका खेळातून मांडला. तो आपल्या व्याख्यानांत हा खेळ प्रत्यक्ष करून दाखवत असे. एका डब्यात चार हजार मणी असत. ३,२०० पांढरे, ८०० लाल. श्रोत्यांतून सहा 'कामगार' निवडायचे. प्रत्येकाने पन्नास भोके असलेले एक फळकूट डब्यात घालून पन्नास मणी काढायचे. गिऱ्हाईकाला पांढरे मणी हवे आहेत, लाल म्हणजे दोष. दोन तपासनीस स्वतंत्रपणे लाल मणी मोजतात, तिसरा मुख्य तपासनीस त्यांचे आकडे ताडून पाहतो. डेमिंग स्वतः फोरमन होई. ज्याच्या वाट्याला कमी लाल आले त्याची पाठ थोपटायची, ज्याला जास्त आले त्याला सर्वांसमक्ष झापायचे. भिंतीवर घोषणा लावायच्या. दुसऱ्या दिवशी कालचा शाबासकीवाला नेमका जास्त लाल घेऊन येई आणि फोरमन म्हणे, पगार वाढला तसा हा निष्काळजी झाला! शेवटी तीन 'उत्तम' कामगार ठेवून बाकीच्या तिघांना घरी पाठवायचे. उत्तम तिघे दुप्पट काम करत आणि लाल मणी तेवढेच येत. येणारच. डब्यात दर पाचांत एक लाल मणी असेल तर पन्नासांत सरासरी दहा लाल येणार, हात कोणाचाही असो. डबा कामगाराने भरलेला नाही.

वाचकहो, हा खेळ वाचला तेव्हा आम्ही क्षणभर थांबलो. डबा दुसऱ्याने भरायचा आणि लाल मणी निघाले की हाताला दोष द्यायचा, हा व्यवहार आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. शाळेत, नोकरीत, भरतीत आपण तो पिढ्यान्‌पिढ्या भोगला आहे. पण इथे मुद्दा कारखान्याचाच ठेवू. डेमिंगच्या अंदाजाने कारखान्यातील शंभरांतील ९४ अडचणी व्यवस्थेच्या असतात आणि त्या दूर करण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. हा नेमका आकडा वादाचा असू शकेल, दिशा वादाची नाही. व्यवस्थापनाला त्याने जी चौदा कलमे सांगितली, त्यांतील तिसरे सरळ सांगते की सरसकट तपासणीवर विसंबणे सोडा.

म्हणजे तपासणी बंद करा असे तो म्हणतो का? नाही, आणि या ठिकाणी त्याचा हिशेब नीट पाहिला पाहिजे. एक वस्तू तपासण्याचा खर्च किती आणि खराब वस्तू तशीच पुढे गेली तर नुकसान किती, या दोन आकड्यांचा भागाकार करायचा. आपण आपल्या कल्पनेतले आकडे घेऊ. तपासणाऱ्या बाईमागे दिवसाला ६०० रुपये खर्च आणि सहा हजार रिंगा, म्हणजे एका रिंगेला दहा पैसे. खराब रिंग इंजिनात बसली आणि ती काढायला इंजिन खोलावे लागले तर २०० रुपये. दहा पैशांना दोनशे रुपयांनी भागले की दोन हजारांत एक हे प्रमाण येते. लॉटमध्ये खराब रिंगांचे प्रमाण दोन हजारांत एकाहून जास्त असेल तर एकूणएक रिंग तपासणे परवडते. त्याहून कमी असेल तर तपासणीच तोट्याची, माल सरळ पुढे जाऊ द्या. आणि हे प्रमाण कमी करण्याची किल्ली प्रेस आणि साच्यापाशी आहे. जो मालक साच्यावर पैसा घालत नाही, त्याला टेबलावर आठ बायका बसवाव्या लागतात. त्यांची मजुरी हा त्याच्या झिजलेल्या साच्याचा खर्च आहे. तो निम्मा वाचवायचा म्हणून तो कंत्राटदार आणतो, आणि त्यावरही ८०० रुपये कापतो.

हे ज्ञान आपल्याकडे पोहोचले नाही असेही नाही. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेला. लढाईच्या काळात तपासणीचे नमुने कमीत कमी घेऊन निर्णय कसा करायचा याचे गणित मांडणारा अब्राहम वाल्ड १९५० च्या डिसेंबरात इथे व्याख्यानांना आला आणि निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून गेला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने १९५० च्या दशकात मुंबईसह मोठ्या शहरांत गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे काढली. पुस्तके आली, अभ्यासक्रम आले, भिंतीवर चार्ट लागले. आले नाही ते एवढेच की दोष व्यवस्थेचा असेल तर दंडही व्यवस्थेने भरावा.

दंडाचा इतिहास आपल्या मुंबईला चांगला ठाऊक आहे. गिरणीत कापड विणून झाले की घडीखात्यात ते तपासले जाई. ताग्यात डाग, तुटका धागा, विरळ वीण सापडली की साचेवाल्याला दंड. पुष्कळ गिरण्यांत तर बिघडलेला तागाच त्याच्या गळ्यात मारत आणि किंमत पगारातून कापून घेत. मग त्याने तो चाळीत, बाजारात मिळेल त्या भावाला विकावा. गिरणीने आपला नासका माल आपल्याच कामगाराला सक्तीने विकण्याचा हा धंदा होता! सूत कच्चे असेल, खळ नीट बसली नसेल, हवेत दमटपणा कमी असेल तर धागा तुटतोच, साचेवाला कितीही हुशार असो. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले कमिशनपुढे दंड आणि कपातीचे हे प्रकार आले. १९३१ मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून १९३६ चा वेतन अदायगी कायदा झाला. पगाराच्या दर रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त दंड करता येणार नाही, कामगाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय दंड नाही, दंडाची नोंदवही ठेवायची आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करायचा, असे त्यात ठरले.

पण ज्या साळखात्यात हा दंड होता, त्या खात्यात आपल्या माणसाला पायच ठेवू देत नव्हते. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून विणकाम हे गिरणीतील चांगल्या पगाराचे खाते आपल्याला बंद आणि आपली माणसे कमी पगाराच्या त्रासन खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे त्यांनी सांगितले, तेव्हाही गिरणीतील या बंद दाराचा दाखला त्यांनी दिला. धागा पक्का आहे की कच्चा याच्या तपासणीत गिरणी पैसा घालत होती. धागा कोणाच्या ओठाला लागला याची तपासणी मात्र फुकट होत होती, आणि तिच्यामुळे गिरणीला किती चांगले विणकर गमवावे लागले याचा हिशेब एकाही मालकाने मांडला नाही. कामगार एकजुटीच्या गोष्टी करणाऱ्या पुढाऱ्यांनीही तो फारसा मांडला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, तुम्ही कामगाराची बाजू घेता, पण तपासणी ढिली झाली तर माणसे मरतील त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही आपल्याच वस्त्यांच्या अनुभवात आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरॉलच्या जागी औद्योगिक वापराचा माल आला होता आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सडलेली साखळी उघडी पडली. जे. जे. मध्ये कोण जाते? ज्याच्याकडे दुसरीकडे जायला पैसा नाही तो. तिथे एका बाटलीच्या चाचणीचा खर्च भागिले एका माणसाचा जीव, असा भागाकार करायचा होता. त्याचे उत्तर शाळकरी पोरही सांगेल. तरीही चाचणी झाली नाही, कारण चाचणीचा खर्च एकाच्या खिशातून जाणार होता आणि जीव दुसऱ्याचा.

त्यानंतर चाळीस वर्षांत आपण काय शिकलो? २०२२ मध्ये गांबिया देशात भारतातून गेलेल्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावल्याचे जगभर गाजले. परदेशात नाव खराब झाले म्हणून १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधाची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय ते बाहेर जाऊ द्यायचे नाही असा नियम झाला. नियम चांगला आहे. पण तीच सक्तीची अट देशात विकल्या जाणाऱ्या औषधाला लावली नाही. आणि २०२५ च्या पावसाळ्यात मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडची लेकरे त्याच विषाने किडन्या निकामी होऊन, कित्येक तर नागपूरच्या दवाखान्यांत, गेली. परदेशी गिऱ्हाईक डेबिट नोट पाठवू शकते, बंदी घालू शकते. छिंदवाड्याच्या मजुराला डेबिट नोट पाठवता येत नाही. तपासणी कुठे कडक करायची आणि कुठे ढिली सोडायची, हे धोक्याच्या आकारावर ठरत नाही, कोणाची तक्रार महागात पडेल त्यावर ठरते, असे आम्हाला वाटते.

म्हणून भोसरीच्या टेबलाकडे आणि नागपूरच्या दवाखान्याकडे आम्ही एकाच नजरेने पाहतो. एकीकडे तपासणीच्या नावाने बायकांचा पगार कापतात आणि दुसरीकडे तपासणीच करत नाहीत. दोन्हीकडे खराब मालाची किंमत मोजतो तो तोच माणूस. क्वालिटीच्या पुस्तकात खर्चाचे तीन रकाने असतात : दोष होऊ नये म्हणून केलेला खर्च, तपासणीचा खर्च आणि दोषामुळे झालेले नुकसान. आर्मंड फायगेनबॉमने १९५६ मध्ये ही मांडणी केली आणि जगभर ती चालते. चौथा रकाना हवा होता, हा खर्च शेवटी कोणाच्या पदरातून गेला याचा.

ताईंच्या चिठ्ठीकडे परत येतो. १९३६ चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली. या संहितांतील पुष्कळ तरतुदींवर आमचे आक्षेप आहेत आणि ते आम्ही वेगळे मांडू. पण दंडाबाबतची जुनी चौकट तीत टिकली आहे, ती आपल्या माणसांनी पाठ करून ठेवावी. दंड कशाबद्दल होऊ शकतो त्याची यादी सरकारच्या मंजुरीने आधी लावलेली पाहिजे. कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. एका पगारात दंड तीन टक्क्यांहून जास्त नको. नुकसानीपोटी कपात करायची तर माल त्या कामगाराच्या ताब्यात सांभाळायला दिलेला असला पाहिजे, नुकसान थेट त्याच्या हयगयीने झालेले असले पाहिजे आणि तिथेही आधी त्याचे ऐकून घेतले पाहिजे. दंडाची नोंदवही हवीच. ताईंचा पगार १३,००० रुपये आहे. तीन टक्के म्हणजे ३९०. कापले ८००, कोणालाही न विचारता, आणि चिठ्ठीवर 'दंड' हा शब्दसुद्धा न लिहिता.

पुढच्या रविवारी आठपैकी सहाजणी विहारात आल्या. दोघी आल्या नाहीत. एकीच्या नवऱ्याचीही नोकरी त्याच कंत्राटदाराकडे आहे, त्यामुळे तिला आम्ही दोष देत नाही. आम्ही सर्वांनी बसून एक अर्ज लिहिला. त्यात दोनच गोष्टी मागितल्या. एक, दंडाची नोंदवही दाखवा. दुसरी गोष्ट ताईंनी स्वतः सुचवली आणि शूहार्टचे नाव न ऐकताही ती त्यांना सुचली, हे आम्ही मुद्दाम नोंदवतो. त्या म्हणाल्या, परत आलेला लॉट ज्या दिवशी प्रेसवर निघाला, त्या दिवशीचा तापमानाचा कागद मागा. प्रेसच्या बाजूला तो रोज भरतात, आम्ही जाता-येता बघतो.

कंत्राटदार म्हणाला, तापमानाचा कागद कंपनीचा असतो, आपल्याला काय करायचा आहे. मग अर्जाची दुसरी प्रत कारखान्याच्या गेटवर दिली. पहिल्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पाठवली, तिची पोच आली आहे. कागद अजून आलेला नाही.